नव्वद सेकंदांची हमी

माणसाला गप्प कसं बसवायचं, हे मला कुणी शिकवू नये! बावीस वर्षं मी तांता शहरातल्या सरकारी नोंदणी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीमागे बसतोय. माझ्याकडे जन्माचे दाखले मिळतात. म्हणजे समोर कोण येणार? कालच बाप झालेले गडी, आजच आजी झालेल्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या काखेत बोंबलणारी ती नवी नोंद! आनंदानं निम्मी वेडी झालेली ही मंडळी मी चष्म्याच्या वरून एकदाच बघतो, पेनानं काचेवर दोनदा टकटक करतो, आणि खलास! रांग चिडीचूप! काचेवर माझ्याच अक्षरात पाटी आहे : 'येथे आनंद व्यक्त करू नये. हुकमावरून, बहगत.'

त्यामुळे माझी भाची रुदैना जेव्हा म्हणाली, "मामा, तफीदामावशीला नव्वद सेकंद गप्प ठेवायचंय. जमेल?" तेव्हा मी चहाचा ग्लाससुद्धा खाली न ठेवता म्हणालो, "अगं, नव्वद सेकंद काय घेऊन बसलीस? नव्वद मिनिटं सांग!"

माझी बायको इन्साफ आतून ओरडली, "ऐकलंत का गं बायांनो! स्वतःच्या घरात रेडिओ बंद करता येत नाही, आणि हे ताईंना बंद करणार!"

इन्साफचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. पण तफीदाताईबद्दल सांगायलाच हवं. ही माझी थोरली बहीण. वय बासष्ट, हजला जाऊन आलेली, त्यामुळे गल्ली तिला हज्जा म्हणते. आणि तिची झग्रूता! आनंदाच्या प्रसंगी आमच्याकडच्या बायका तोंडापुढे हात धरून, जीभ गरागरा फिरवून जो लांबलचक 'लुलुलुलु' काढतात, ती झग्रूता. सगळ्याच बायका काढतात, पण ताईची ऐकली की बाकीच्या हात खाली घेतात. गल्लीत लग्न ठरलं की आधी हॉलची तारीख बघत नाहीत, ताईची बघतात.

आनंदाच्या जागी ती गप्प बसली, असं उभ्या आयुष्यात एकदाच झालं. आमचे वडील गेले त्याच आठवड्यात चुलतभावाचं लग्न होतं. ताई आली, खुर्चीत बसली, तोंड उघडलं नाही. अख्खा मांडव रडला! तेव्हापासून आमच्या घरात रीतच पडली आहे. आनंदाच्या वेळी ताईचा आवाज आला नाही, की सगळे एकदम विचारतात, "कोण गेलं?"

आता रुदैनाचं. पोर सोळा वर्षांची, जिम्नॅस्टिक्समध्ये देशाच्या संघात. तिचा हुकमी प्रकार म्हणजे ती तोलाची पट्टी. माणसाच्या छातीइतकी उंच आणि रुंदी जेमतेम वीतभरही नाही! त्यावर ही पोर उड्या मारते, गिरक्या घेते, उलटी होते. गेल्या वर्षी कैरोच्या स्पर्धेत तिनं पट्टीवर अशी काही उलटी उडी मारली, की ताईला वाटलं, संपलं! ताईनं झग्रूता ठोकली. संपलं नव्हतं. पोर दचकली आणि धाडकन खाली! पडलेल्या पोरीपेक्षा ताई जास्त रडली, पण गुण काही परत येत नाहीत.

या वेळी स्पर्धा परदेशात, तुर्कांच्या अंताल्यामध्ये होती. तिच्या प्रशिक्षक बाई कॅप्टन इल्हाम (खेळ शिकवणाऱ्याला आमच्याकडे कॅप्टनच म्हणतात) यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पट्टीवर बारा गुण आण. आणलेस तर संघात राहशील. नाहीतर तुझी जागा दुसरीला. गेल्या वेळचं कारण मला पुन्हा सांगू नकोस."

"मग ताईंना घरीच ठेवा की!" इन्साफ म्हणाली.

"नाही हं, मामी!" रुदैना पटकन म्हणाली. "मावशी नसेल तर मी पट्टीवर चढणारच नाही."

आणि ते खरंच होतं. पोरीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण करीमा, भित्री. पोर पट्टीवर चढली की ही न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसते. सात वर्षं, आठवड्यातून चार दिवस, तांताहून कैरोला आगगाडीनं पोरीला सरावाला नेलं ते ताईनं. उकडलेली अंडी डब्यात, गुडघेदुखीचं मलम पिशवीत, आणि प्रत्येक नव्या उडीला एक झग्रूता. तीही पोर जमिनीवर उतरल्यावरच. त्या एका दिवसाचा अपवाद सोडला तर.

"माझे पाय जमिनीला लागेपर्यंत नाही," रुदैना म्हणाली. "लागले की मग हवी तेवढी. मामा, हमी?"

"हमी!" मी म्हणालो. शिक्का मारायचंच काय ते बाकी ठेवलं!

दुसऱ्याच दिवशी रंगीत तालीम घेतली. ताईला सोफ्यावर बसवलं, घड्याळ हातात घेतलं.

"ताई, नव्वद सेकंद. चूं करायचं नाही. सुरू!"

ताई बसली. ओठ घट्ट, डोळे मोठे. दहा सेकंद झाले. वीस. तीस. चाळीस सेकंदांना मी खुशीत म्हणालो, "शाबास ताई! चाळीस झाले!"

"खरंच?" ताई म्हणाली, आणि त्याच आनंदात तिनं अशी झग्रूता ठोकली, की खालच्या मजल्यावरची उम्म वाएल शरबताचे ग्लास घेऊन वर आली. "कुणाचं जमलं गं, हज्जा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे काम समजावून होणार नाही. यंत्रणा लागणार! आणि ती यंत्रणा मला मौलिदाच्या, म्हणजे आमच्या पीराच्या उरुसाच्या, जत्रेत सापडली. आमच्या तांताची हरभऱ्याची चिक्की! सगळ्या मिसर देशात तिचं नाव आहे. एकदा दाढेखाली गेली की माणूस बोलायच्या कामातून गेला! मी चार प्रकार विकत घेतले आणि कचेरीत सहकाऱ्यांवर रीतसर चाचण्या घेतल्या. तिळाची, चाळीस सेकंद. शेंगदाण्याची, एक मिनिट. खोबऱ्याची, निरुपयोगी. हरभऱ्याची मात्र शौकी कारकुनाला दिली, तो एक मिनिट पन्नास सेकंद नुसता मान हलवत होता, आणि त्या वेळात मी त्याच्याकडून दोन रजेच्या दिवशी माझी खिडकी सांभाळायचं कबूल करून घेतलं!

नव्वद सेकंदांचं काम, एकशे दहा सेकंदांची चिक्की. वर वीस सेकंद सरकारी शिल्लक. असं नियोजन असतं! एकच बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली. शौकीचे दात त्याचे स्वतःचे होते. ताईनं गेल्याच रमजानच्या आधी वरची-खालची नवी कवळी बसवून घेतली होती.

अंताल्याला पोचलो. हॉलच्या दारातच पहिली माशी शिंकली. गणवेशातल्या एका बाईनं इन्साफची पिशवी उघडली, आणि आतून अंडी, कांद्याच्या पाती, चीज, सगळं बाहेर काढून टोपलीत टाकलं. खाण्याचं काही आत न्यायचं नाही! तिच्या खांद्याला वॉकीटॉकी होता आणि चेहरा अगदी माझ्या खिडकीतल्यासारखा. मला तिच्याबद्दल आदरच वाटला. पण चिक्की मी आधीच चष्म्याच्या डबीत भरून कोटाच्या आतल्या खिशात, थेट छातीशी ठेवली होती.

"तुमचा हात सारखा छातीवर का?" इन्साफनं विचारलं.

"भरून आलंय."

"जेवून आलात तेव्हा नव्हतं आलं!"

आत गेलो आणि माझा जीवच दडपला. अहो, मला वाटलं होतं, एक मुलगी येईल, तिचं होईल, मग दुसरी येईल. रांगेची पद्धत! इथे एकाच वेळी चार ठिकाणी चार मुली! इकडे एक दांड्यांना लोंबकळतेय, तिकडे एक धावत येऊन घोड्यावरून उडतेय, मधे एक गाण्यावर लोळण घेतेय, आणि कोपऱ्यात पट्टी. सगळ्या पोरी एकाच मापाच्या, केस चापूनचोपून बांधलेल्या, हातांना पांढरी पूड. बघायचं कुठे? माझ्या कचेरीत चारही खिडक्यांना एकदम रांगा लावल्या तर दंगल होईल!

पंच मात्र मला आवडले. निळे कोट, समोर कागद, मान खाली, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. कुणी हवेत तीन कोलांट्या घेऊन उतरलं, तरी हे शांतपणे कुठले तरी गुण कापतात. आणि त्यांचा तो सलामाचा नियम! कॅप्टननं आम्हाला सांगून ठेवलं होतं : सुरुवातीला आणि शेवटी पोरीनं पंचांकडे तोंड करून हात वर करायलाच हवेत. शेवटी न करता निघून गेली, तर तीन दशांश गुण कमी! अर्ज सगळा भरला आणि सही विसरली, तर आम्हीही परतच पाठवतो की!

ताई आमच्या दोघांच्या मधे, तिसऱ्या रांगेत. दांड्यांवरची कुठलीशी हंगेरीची मुलगी उतरली आणि ताईची छाती फुगायला लागली.

"ताई! ती आपली नाही!" मी तिचा कोपर दाबला.

"अरे, पण कुणाची तरी आहेच ना! तिची मावशी इतक्या लांब कशाला आली असेल?"

"नंतर! सगळ्यांसाठी एकदम कर!"

दर दोन मिनिटांनी कुठे ना कुठे एक पोर उतरायची आणि दर दोन मिनिटांनी ताई श्वास भरायची. डावीकडून मी धरायचो, उजवीकडून इन्साफ. असे दोन तास! तोवर माझा शर्ट घामानं भिजला होता, आणि चष्म्याच्या डबीत काय चाललं असेल याचा मला पत्ताच नव्हता.

मग पट्टीजवळच्या फलकावर नाव झळकलं. रुदैना. पुढे आमचा झेंडा.

तिनं वर बघितलं. आधी ताईकडे, मग माझ्याकडे. मी अंगठा दाखवला. तिनं हातांवर पूड चोळली आणि पट्टीपाशी जाऊन उभी राहिली.

मी डबी काढली. उघडली. छातीच्या उबेनं चिक्कीच्या सगळ्या वड्यांचा एकच लगदा झाला होता. गोंद, अक्षरशः गोंद! तोडू म्हटलं तर तुटेना, नुसती तार निघायची. शेवटी वेळ नाही म्हणून सगळा गोळाच ताईपुढे धरला.

"हे काय रे?"

"मौलिदाची. तुझ्यासाठी आणली. तोंडात टाक, लवकर!"

"आत्ता?"

"बरकत असते!"

बरकत म्हटल्यावर ताई थांबत नाही. आख्खा गोळा आत गेला! तिनं एकदा चावला. दुसऱ्यांदा चावायला गेली, तेव्हा जबडा खाली आलाच नाही. तिनं माझ्याकडे मोठे डोळे करून बघितलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तेवढ्यात हिरवा दिवा लागला होता.

रुदैनानं हात वर केले, पंचांना सलाम केला, आणि उडी मारून पट्टीवर गेली.

नव्वद सेकंद म्हणजे किती असतात, हे मला त्या दिवशी कळलं! बावीस वर्षं लोकांना "दोन मिनिटं थांबा" म्हणत आलो, त्या सगळ्यांचे शाप एकदम भोवले. पोर एका पायावर फिरली. थांबली. हात किंचित हलले. मी खुर्चीची कड धरली. ती उडाली, पाय सरळ रेषेत, उतरली. आता ती उडी येणार होती. मागच्या वर्षीची. उलटी, आणि लगेच दुसरी उलटी.

ताईचा हात माझ्या मनगटावर आला. तिची नखं रुतली. मी बघितलं तर तिचे डोळे मिटलेले.

पोर मागे झुकली. पहिली उलटी. दुसरी. पाय पट्टीवर आले आणि एक टाच घसरली! कंबर वाकली, हात गरागरा फिरले, एक पाय हवेत. अख्खं शरीर डावीकडे कललं. मी श्वास घेतला नाही. इन्साफनं घेतला नाही. खाली कॅप्टन इल्हाम उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. पोर तशीच, अर्धी खाली, अर्धी वर. आणि मग हळूहळू, केसाच्या अंतरानं, ती सरळ झाली!

थांबली नाही. पुढे गेली. दोन उड्या, टोकापर्यंत पळाली, हवेत दोनदा फिरली, आणि धप्प! दोन्ही पाय गादीवर. एक छोटं पाऊल मागे. बस!

पाय जमिनीला लागले!

"ताई!" मी ओरडलो. "आता! हो सुरू! हवी तेवढी!"

ताईनं हात तोंडापुढे धरला. छाती फुगली. आणि आवाज आला, "म्म्म्म्."

"अगं, कर ना!"

"म्म्म्म्म्!"

वरची कवळी खालच्या कवळीला कायमची चिकटली होती! ताईनं बोटं घालून बघितली, चेहरा लाल झाला. इन्साफला वाटलं, घशात अडकलं. तिनं ताईच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली. "श्वास घ्या, ताई! या माणसानं मारलं हो ताईंना!"

आणि खाली रुदैना.

ती तशीच गादीवर उभी होती. हात वर गेले नव्हते. पंच वाट बघत होते. ती पंचांकडे बघतच नव्हती. ती झग्रूतेची वाट बघत होती. सात वर्षं पाय जमिनीला लागले की जो आवाज यायचा, तो आला नाही. तिनं मान वळवली. तिसरी रांग. मावशी पुढे वाकलेली, मामी पाठीत मारतेय, मामा उभा. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिच्या ओठांवर मला स्पष्ट दिसलं, 'कोण गेलं?'

"सलाम!" कॅप्टन इल्हाम कडेनं ओरडत होत्या. "रुदैना, पंचांना सलाम! आधी सलाम!"

रुदैनानं एक पाऊल टाकलं. पंचांकडे नाही, आमच्याकडे! दुसरं टाकलं. गादी संपत आली होती.

"काही नाही झालेलं!" मी बोंबललो. पण त्या लोळणीवाल्या मुलीचं गाणं इतकं जोरात वाजत होतं, की मला माझाच आवाज ऐकू आला नाही. मग मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, परत जा, परत जा! आता आमच्याकडे 'परत जा' आणि 'धावत ये' हे हात हलवून सांगायला गेलं, की घाबरलेल्या माणसाला दुसरंच दिसतं. पोर धावायलाच लागली!

तीन दशांश! सात वर्षं, आठवड्यातून चार दिवस, आणि जाणार कशानं? माझ्या चिक्कीनं!

"इन्साफ! झग्रूता कर!"

"मला येते का? आपल्या लग्नात दुसरीकडून करून घेतली होती!"

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी हंगेरीची माणसं. एकही आमच्यातली बाई नाही. पोरीला पटेल असा जगात एकच आवाज होता, आणि तो काढणारी माझ्या शेजारी 'म्म्म्' करत होती.

मी खुर्चीवर चढलो.

देवा, मी मिशीवाला माणूस! सरकारी नोकर! आमच्याकडे पुरुषानं झग्रूता काढली असं मी कधी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तर त्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी, हे मला कळलं नसतं. पण बासष्ट वर्षांच्या बहिणीचं पन्नास वर्षं ऐकत आलोय. हात असा धरायचा. जीभ अशी. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिला आवाज मुंडी पिरगळलेल्या कोंबडीचा निघाला. जीभ सापडेना. मी पुन्हा श्वास भरला, पोटातून, ताई भरते तसा.

आणि नेमकं त्याच क्षणी ते गाणं संपलं!

संपूर्ण हॉल शांत. चार हजार माणसं. आणि त्या शांततेत माझी झग्रूता! काय लांब निघाली म्हणून सांगू! थांबेचना! लुलुलुलुलु करत छताला जाऊन परत आली! दांड्यांवर चढायला निघालेली मुलगी थांबली. पंचांनी, त्या माझ्या आवडत्या पंचांनी, माना वर केल्या. मी डोळे उघडले तर समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर एक मिशीवाला माणूस तोंडापुढे हात धरून खुर्चीवर उभा होता, आणि त्याचा कोट माझ्यासारखाच होता.

रुदैना गादीच्या काठावर थबकली. माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे बघितलं. ताईनं, तोंड बंदच, दोन्ही हात वर करून नाचवले. आणि पोर हसायला लागली. अशी हसली की गुडघ्यात वाकली! मग डोळे पुसले, वळली, गादीच्या मधोमध गेली, आणि पंचांकडे तोंड करून दोन्ही हात ताठ वर केले.

मधल्या पंचबाईंनी मान हलवली. अर्जावर सही झाली!

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. ती वॉकीटॉकीवाली बाई! सोबत दोन दांडगे गडी. तिनं बोटानं आधी मला दाखवलं, मग दार दाखवलं.

"अहो, मी गोंगाट करणारा नाही! मी गोंगाट बंद करणारा आहे!" मी म्हणालो. तिला आमची भाषा येत नव्हती. येत असती तरी पडद्यावर सगळं दिसलंच होतं. तिनं माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं, आणि दारापाशी नेऊन पेनानं त्याच्या काचेवर दोनदा टकटक केलं.

मी गप्प बाहेर गेलो.

बाहेर लांबच लांब बोळ, एक थंड पेयांचं यंत्र, आणि बंद दार. गुण अजून लागले नव्हते. मी दाराला कान लावला. काही ऐकू येईना. टाच घसरली होती, त्याचे कापणार. पाऊल मागे गेलं, त्याचेही. ते दोन सेकंद पंचांना न विचारता चालत निघाली, त्याचे कापणार की नाही? आणि तो गोंगाट पोरीच्या खात्यात तर टाकणार नाहीत? मी हमी दिली होती. हमी! फक्त शिक्का बाकी होता!

फोन वाजला. करीमा होती, तांताहून. आवाजावरून न्हाणीघरात.

"दादा! शेजारचे ओरडतायत की तू टीव्हीवर दिसलास! आणि ताईचा आवाज का नाही आला? खरं सांग मला. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही गं! ताईचे दात चिकटलेत."

"दात? आणि रुदैना? पडली का?"

"नाही पडली. पण गुण कळले नाहीत. मी बाहेर आहे."

"बाहेर का?"

"काढलं."

दोघंही भाऊबहीण फोन कानाला लावून उभे, ती तिकडे कडी लावलेल्या दारामागे, मी इकडे बंद दारापुढे. तिचा श्वास मला ऐकू येत होता. घड्याळात एक मिनिट गेलं असेल. मला चार वाटली.

आणि मग दारातून आली. दोन भिंती ओलांडून आली. जराशी फुसफुशीत, हवा सुटल्यासारखी, कारण, हे मला मागाहून कळलं, कवळ्या तोवर चिक्कीसकट इन्साफच्या रुमालात होत्या. पण लांब! माझ्यापेक्षा दुप्पट लांब! एक संपतेय तोवर दुसरी, दुसरी संपतेय तोवर तिसरी. मला गुण बघायची गरजच उरली नाही. मी त्या पेयांच्या यंत्राला टेकून रडलो.

"दादा, ती ताई ना?" करीमा फोनमध्ये विचारत होती. "दादा, ती ताईच ना?"

"ताईच," मी म्हणालो. "दार उघड आणि बाहेर ये आता."

बारा पूर्णांक एक दशांश! ते तीन दशांश कापले असते तर? मी तो हिशेब आजवर केलेला नाही. रुदैना संघात आहे. कॅप्टन इल्हामनी मला एकच वाक्य ऐकवलं, "पुढच्या वेळी हज्जांना आणा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्यातल्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी कचेरीत हजर झालो. आणि काय सांगू! रांग दारापर्यंत, पण चिडीचूप! पेन टकटकावं लागलं नाही, चष्म्याच्या वरून बघावं लागलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, हा दरारा! परदेश गाजवून आलेल्या माणसाचा दरारा! शौकी मात्र फोन तोंडापुढे धरून कपाटामागे का हलत होता, ते मला कळलं नाही.

पहिली बाई पुढे आली. कडेवर आठ दिवसांची मुलगी. मी नोंद केली, शिक्का मारला, दाखला खिडकीतून सरकवला. ती हलेना.

"झालं, बाई. पुढचा!"

"साहेब," ती लाजत म्हणाली, "लांबून आलेय. पहिलीच मुलगी आहे. ते टीव्हीवरचं... एकदाच कराल का?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. तिनं पाटी वाचली. मागच्या सगळ्या रांगेनंही वाचली. कुणी हललं नाही. बाळानं माझ्याकडे बघून जांभई दिली.

आता त्या पाटीवर मी रजेचं वेळापत्रक चिकटवलंय. आणि जुळी असली तर लोक दोनदा मागतात! पण कृपा करून हे आमच्या वरिष्ठांच्या कानावर घालू नका. मी अगदी हळू करतो.